फलाटापर्यंत

आमच्या गावचं रेल्वे स्टेशन कधी बंद झालं, असं विचारलं तर गावात चार माणसं चार उत्तरं देतील आणि चौघंही खरंच बोलत असतील. एक म्हणेल, मास्तर गेले तेव्हा. दुसरा म्हणेल, तिकिटं मिळेनाशी झाली तेव्हा. तिसरा टाळेबंदीचं नाव घेईल. आणि माझी आई म्हणेल, जाळी मारली त्या दिवशी. स्टेशन काही एका दिवसात बंद होत नाही. म्हातारं माणूस अंथरुणाला लागतं तसं ते हळूहळू होतं. आज काठी, उद्या बाज. घरातल्यांना दिसत असतं, पण बोलून कुणी दाखवत नाही.

स्टेशन नगर आणि दौंडच्या मधलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर उद्या फोनवर फोन येतील आणि प्रत्येक जण सांगेल की तुला काही माहीत नाही, खरं ते असं होतं. मी त्या गावची लेक. लग्न होऊन केडगावला आले, शाळेत शिकवलं आणि आता निवृत्त आहे. हे नगरचं केडगाव. दौंडच्या पलीकडे रेल्वेचं दुसरं केडगाव आहे, त्यामुळे आमचे निम्मे पाहुणे आयुष्यात एकदा तरी चुकीच्या केडगावला उतरलेले आहेत.

स्टेशन काळ्या दगडाचं, कौलारू, इंग्रजांच्या काळातलं. ते आमच्याच गावाला का मिळालं याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीत साहेबाला आमच्या विहिरीचं पाणी गोड लागलं. दुसरीत शेजारच्या गावच्या पाटलाने साहेबाला जमीन द्यायला साफ नकार दिला, म्हणून ते नाइलाजाने आमच्याकडे आलं. आमच्या गावात पहिली सांगतात, शेजारच्या गावात दुसरी. मला विचाराल तर इंजिनाला पाणी लागायचं आणि ते इथं होतं. बाकी कशाशी साहेबाला देणंघेणं नसावं.

मला आठवतं ते स्टेशन असं. एकच फलाट, तोही बुटका, मुरमाचा, कडेला दगड लावलेले. दोन मोठे कडुलिंब. पाण्याचा नळ आणि त्याला दगडी कट्टा. तिकिटाच्या खिडकीशेजारी सामान तोलायचा मोठा लोखंडी काटा, ज्यावर आम्ही पोरं चढून उड्या मारायचो आणि मास्तरांच्या शिव्या खायचो. रुळांच्या पलीकडे मालधक्का आणि मालधक्क्यामागे वेड्या बाभळींचं रान. सकाळच्या पॅसेंजरमध्ये दुधाचे कॅन आणि लिंबांची पोती चढायची. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गावातलं दूध गोळा करून त्याच गाडीने नगरला नेत आणि दुपारच्या गाडीने रिकामे कॅन घेऊन परत येत. गाडीची शिट्टी ऐकली की आई तवा ठेवायची. घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं.

गाव रुळांच्या एका अंगाला आणि ओढा दुसऱ्या अंगाला. मसणवटा ओढ्याच्या काठी. म्हणजे गावात कुणी गेलं की तिरडी स्टेशनातूनच न्यावी लागे. फलाटावर चढायचं, फलाटाच्या टोकाला रुळांमध्ये लाकडी फळ्या टाकून केलेली वाट होती तिथून ओलांडायचं, मालधक्क्याला वळसा घालून खाली उतरायचं. मालगाडी केव्हाही यायची. म्हणून मास्तर पुढच्यामागच्या स्टेशनला फोन करून विचारत, आणि वाट मोकळी आहे असं ते सांगेपर्यंत तिरडी फलाटावर टेकवत, काट्याशेजारी.

विसावा सगळ्याच गावांत असतो. घर आणि मसणवटा यांच्यामध्ये एका ठरल्या जागी तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात, आणि मग पुढे निघतात. कुठं विसाव्याचा दगड असतो, कुठं एखादं झाड. आमचा विसावा फलाटावर होता. मुळात तो नाइलाज असणार, गाडीसाठी थांबणं. पण आजाचा नाइलाज बापाचा रिवाज होतो आणि नातू त्यालाच शास्त्र म्हणायला लागतो. दिवसभर गाडी नसली, रूळ ओस पडलेले असले, तरी फलाटावर टेकल्याशिवाय आमच्या गावचं माणूस पलीकडे गेलं नाही. कुणी फार आजारी असलं की 'म्हातारी फलाटाला लागली' असं म्हणत. परगावच्या माणसाला वाटे, म्हातारी यात्रेला निघाली.

आणि बायका तिथूनच मागे फिरत. आमच्याकडे बायका मसणवट्यात जात नाहीत. दारातून रडत निघायचं, फलाटापर्यंत चालायचं. तिथं तोंडावरचं कापड बाजूला करायचं, शेवटचं बघायचं, तुळशीच्या पानाने तोंडात पाणी घालायचं, आणि मग स्टेशनच्या नळावर हातपाय धुऊन घरी यायचं. रुळांच्या पलीकडे बायकांचं काही काम नव्हतं. आमची शेतं सगळी गावाच्या अंगाला. पलीकडे ओढा, बाभळी आणि गेलेली माणसं.

एक नवे मास्तर आले होते, सोलापूरकडचे. आल्या आठवड्यात दुपारचे जेवून बाहेर येतात तर काट्याशेजारी तिरडी. ते बिचारे घाबरून ओरडले, "हे काय पार्सल ऑफिस आहे का?" सांधेवाला गावातलाच, जुना. तो म्हणाला, "साहेब, पार्सलच हाय. पर ह्याला पावती लागत न्हाई." वर तक्रार करतो म्हणून मास्तरांनी दम दिला, केली नसावी. पुढे त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या आणि इथेच वारल्या. मास्तरांचं क्वार्टर फलाटाला लागूनच. दारातून उचललं की लगेच फलाट. खांदेकरी तसेच पुढे निघाले तर मास्तरच म्हणाले, "थांबा, आधी टेकवा. इथली पद्धत आहे." त्यानंतर गावाने त्यांना आपलं मानलं.

लांबच्या पाहुण्यांची सोयही तिथेच होई. माझे आजोबा गेले तेव्हा आत्या दौंडच्या गाडीत होती आणि गाडीला उशीर झाला होता. ऊन चढत चाललं होतं, पुरुष घाई करायला लागले. माझी आई एरवी सासरच्या माणसांपुढे मान वर न करणारी. तिने काट्याशेजारी बैठक मारली आणि म्हणाली, "लेक आल्याबिगर उचलायचं न्हाई." मास्तरांनी फोन करून सांगितलं, गाडी मागच्या स्टेशनातून सुटली आहे. गाडी आली आणि आत्या उतरली ती थेट बापाच्या पायाशी. खिडक्यांतून लोकांनी हात जोडले. ड्रायव्हरने शिट्टी न वाजवता गाडी काढली. घरात आईचं कुणी ऐकत नव्हतं, पण फलाटावर तिचा शब्द चालत असे.

गावात थोडी ख्रिस्ती घरं होती. त्यांची दफनभूमीही पलीकडेच, ओढ्याच्या वरच्या अंगाला. त्यांची पेटीसुद्धा फलाटावर टेके आणि पाळकसाहेब तिथंच एक प्रार्थना म्हणत. पण त्यांच्या बायका आमच्यासारख्या फिरत नसत. त्या फळ्यांवरून ओलांडून पुढे जात. आमच्या शेजारच्या मावशी ख्रिस्ती होत्या. त्या नवऱ्याला पोचवून आल्या तेव्हा आईने त्यांना विचारलेलं मी ऐकलं आहे, "पलीकडं कसं हाय गं?" मावशी म्हणाल्या, "काय न्हाई बाई. गवत हाय." आईचं त्यावर समाधान झालं नाही.

का झालं नाही ते सांगायला हवं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. चालायला लागला होता, थोडे शब्द बोलत होता. ताप आला आणि त्या तापात तो गेला. एवढ्याशा लेकराला तिरडी नसते आणि आमच्यात त्याला जाळतही नाहीत, पुरतात. अण्णांनी त्याला हातांवर घेतलं. सोबत तात्या, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, कुदळ-फावडं घेऊन. आई फलाटापर्यंत गेली. मास्तर म्हणाले, मागून मालगाडी सुटली आहे, लवकर ओलांडा. त्या घाईत तिला नीट बघायलाही मिळालं नाही. अण्णा फळ्यांवरून पलीकडे गेले आणि मध्ये मालगाडी आली. आई सांगते, "लई लांब गाडी. वाटलं, ही काय संपायची न्हाई." शेवटचा गार्डाचा डबा गेला तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. मालधक्का आणि बाभळी.

कुठं ठेवलं, असं तिने अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "वढ्याच्या अंगाला." माझ्या लहानपणी, माझ्या लग्नानंतर, नातवंडं झाल्यावरही ती अधूनमधून विचारायची आणि अण्णा तेवढंच सांगून बाहेर निघून जायचे. ते कठोर नव्हते. त्यांना ते बोलवत नव्हतं. तुम्ही म्हणाल, ती स्वतःच जाऊन का नाही बघून आली, ओढा असा किती लांब होता? असं विचारणारा माणूस गावात राहिलेला नसतो. ज्या वाटेने बायका जात नाहीत ती वाट डोळ्यांना दिसली तरी पायांना सापडत नाही. मी शिकलेली, नोकरी करणारी, पण माझेही पाय फलाटाच्या टोकाला थांबायचे.

मग स्टेशनला उतरती कळा लागली. आधी मास्तर गेले. सिग्नल दुसरीकडून चालायला लागले आणि आमचं स्टेशन नुसता थांबा झालं. तिकिटं गावातलाच एक जण कमिशनवर द्यायचा. तिकिटं बिस्किटाच्या डब्यात आणि तो कडुलिंबाखाली. तिरडी आली की हाच माणूस डबा काखेत मारून फलाटाच्या टोकाला उभा राही, दोन्हीकडे नीट बघे आणि मास्तरांच्या थाटात हात वर करी. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं कमिशनही नव्हतं. काट्याच्या जागी नंतर नुसता खड्डा राहिला, काटा कुठं गेला कुणास ठाऊक. पण तिरडी त्या खड्ड्याशेजारीच टेकवत.

दरम्यान रस्ता सुधारला, घरोघरी मोटारसायकली आल्या. अण्णांनीही दुधाचे कॅन मोटारसायकलला दोन्हीकडून टांगले आणि पॅसेंजरला रामराम ठोकला. आधी आम्हीच स्टेशन सोडलं, हे कबूल करायला हवं. टाळेबंदीत सगळ्या गाड्या बंद झाल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण आमच्याकडे थांबायच्या नाहीत. गावाने नगरला जाऊन निवेदन दिलं. निवेदन द्यायला गेलेले सगळे मोटारसायकलवरून गेले होते.

मग दुसरा मार्ग टाकायचं काम निघालं. मालधक्का पाडला, वेड्या बाभळी मुळासकट काढल्या, विजेचे खांब उभे राहिले. गावाच्या नावाची पिवळी पाटी उतरवली. फळ्यांची वाट उखडली आणि स्टेशनच्या थोडं पुढे रुळांखालून सिमेंटचा बोगदा केला, एक ट्रॅक्टर जाईल एवढा. सोय झाली, खोटं कशाला बोलू? आणि त्यानंतर गावाच्या अंगाने, फलाटाच्या अलीकडून, लोखंडी जाळी मारायला घेतली.

तेव्हा अण्णा आजारी होते. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी केडगावहून जाऊन-येऊन असायची. आईला त्यांच्या आजाराइतकीच त्या जाळीची काळजी लागली. त्यांच्या उशाशी बसून, त्यांच्या देखत, ती मला विचारायची, "ह्यास्नी आता टेकवायचं कुठं?" अण्णा बाजेवरून म्हणायचे, "अगं, मला आधी जाऊ तर दे." माझा धाकटा भाऊ नागापूरला कारखान्यात आहे. तो व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "आई, आता समदे टेम्पोतून नेत्यात. बोगद्यातनं टेम्पो आरामात जातो." आई म्हणाली, "ते काय दूध हाय का, टेम्पोत घालायला?" यावर अण्णाच आधी हसले आणि हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली.

एक दिवस ती मला घेऊन जाळीच्या कामावरच गेली. मुकादम तरुण पोरगा, जालन्याकडचा.

"हितं एक फट ठेव बाबा," आई म्हणाली.

"कशाला मावशी? गाडी अंगावर येईल. बोगदा केलाय ना."

"जित्या मानसाला न्हाई लागत. मेल्यावर लागती."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला विसाव्याचं सांगितलं आणि बायका इथूनच मागे फिरतात हेही सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या हातात असतं तर दारच बसवलं असतं, मावशी. पण नकाशा वरून आलाय." मग थोड्या वेळाने, काहीतरी द्यायला हवं म्हणून, तो म्हणाला, "बोगद्यापाशी दुसरा विसावा करा की."

"त्यो काय करायचा असतो व्हय?" आई म्हणाली. "असतो त्यो."

अंगणात पोचल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आता दारातच हात जोडायचं. तेवढी वाट हुती चालायला, ती बी गेली." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिवाजाचं तिला एवढं काही पडलेलं नव्हतं. पोराच्या मागे ती जिथवर चालली होती, निदान तिथवर तिला नवऱ्याच्या मागे चालायचं होतं. मला त्या जाळीचा भयंकर राग आला. लोखंडाच्या जाळीवर रागावून काय करणार, म्हणून आणखी आला.

अण्णा माघात गेले, सकाळी, चहा पिऊन. "साखर कमी हाय" हे त्यांचं शेवटचं वाक्य. लोकांचे वडील जाताना काय काय उपदेश करून जातात. आमच्या अण्णांनी चहाची तक्रार केली. साखर डॉक्टरांनीच कमी करायला लावली होती. आई मात्र दिवसभर म्हणत राहिली की एक चमचा घातली असती तर काय बिघडलं असतं.

टेम्पो आणला नाही. अण्णांबरोबर दूध घालणारी म्हातारी माणसं हटून बसली की खांद्यावरूनच न्यायचं. तात्या आता घरात वडीलधारे. निघताना ते नेहमी सांगत आलेत तसं त्यांनी बायकांना सांगितलं, "विसाव्यापतोर चला, मंग मागं फिरा." हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं. जाळी मारल्यापासून गावातली ही पहिलीच मयत होती आणि विसावा आता कुठं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. भावाला वाटलं, तात्यांनी ठरवलं असेल. तात्यांना वाटलं, खांदेकरी बघतील. खांदेकऱ्यांना वाटलं, कुणीतरी 'टेकवा' म्हणेल. आणि आम्हाला बायकांना तर असलं काही ठरवायची सवयच नव्हती.

रस्ता जाळीच्या कडेकडेने जातो. स्टेशन आलं. जाळीपलीकडे फलाट, दोन कडुलिंब, नळाचा कट्टा. खांदेकऱ्यांची चाल आपोआप मंदावली. आई थांबलीच, तिने जाळीला हात लावला. एवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरून. रस्ता जेमतेम त्याच्याएवढा. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला खोल चर. ड्रायव्हर भला माणूस, हॉर्न वाजवत नव्हता, मयतीमागे हळूहळू येत होता. पण पुढे बोगद्याचा उतार, आणि दोन ट्रॉल्यांचा ऊस उतारावर तो किती दाबून धरणार? मागून कुणीतरी ओरडलं, "म्होरं घ्या, म्होरं घ्या." तिरडी उताराला लागली. तिच्यामागे आम्ही बायका, आमच्यामागे ट्रॅक्टर. आता फिरायचं म्हटलं तरी वाट नव्हती. बोगद्यात रडण्याचा आवाज एवढा घुमला की बायका दचकून गप्पच झाल्या.

पलीकडे उजेडात आलो. ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या रस्त्याला वळून गेला. तात्यांनी मागे बघितलं तर गावातल्या सगळ्या बायका ओढ्याच्या अंगाला उभ्या. दुसरा प्रसंग असता तर तात्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी हसले असते.

"वैनी, आता बायकांनी मागं फिरावं," ते म्हणाले.

"विसावा झाला का?" आईने विचारलं.

तात्यांनी खांदेकऱ्यांकडे बघितलं. खांदेकरी जमिनीकडे बघत होते.

"न्हाई झाला," तात्या म्हणाले. "मंग हितं टेकवा रं."

"हितं न्हाई," आई म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "विसावा फलाटावर असतोय, भावजी. तुमीच सांगत आला. फलाटावर टेकलं न्हाई म्हंजी विसावा झाला न्हाई. आनि विसावा झाल्याबिगर मी मागं कशी फिरू?"

यात कुणाला खोट काढता येईना. तात्यांनी माझ्या भावाकडे बघितलं. भाऊ तिरडीच्या पुढे, हातात मडकं, तो म्हणाला, "तात्या, चला आता. खांदं भरून आल्यात समद्यांचं." शेवटी तात्याही म्हातारे, आणि ज्या शास्त्राने ते आयुष्यभर बायकांना थांबवत आले तेच त्यांच्या अंगावर आलेलं. "चला मंग," ते म्हणाले आणि पुढे झाले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आई निघाली होती, म्हणून त्याही निघाल्या.

मसणवट्याचं एक चित्र माझ्या मनात लहानपणापासून होतं, घाबरवणारं. प्रत्यक्षात एक पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि कडेला कुणीतरी चरायला बांधलेली शेळी. शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या तसं गवत होतं खरं. बायका एका बाजूला अवघडून उभ्या राहिल्या, अनोळखी घरी हळदीकुंकवाला आल्यासारख्या. पुरुष सरण रचायला लागले. आईने अण्णांच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं, तुळशीच्या पानाने पाणी घातलं, त्यांच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ बसली. मग उठली आणि तात्यांपाशी गेली.

"भावजी, माझं पोर कुठं हाय?"

कुठलं पोर, असं तात्यांना विचारावं लागलं नाही. हातातलं लाकूड त्यांनी खाली ठेवलं आणि तिला ओढ्याच्या काठाने घेऊन गेले. मी मागे गेले. मध्यंतरी यंत्राने ओढा रुंद केला होता, काठ नवा होता, त्यामुळे तात्या जरा चाचपडले. पुढे गेले, मागे आले. मग एका करंजाच्या झाडापाशी थांबले.

"ह्याच्या बुडाला," ते म्हणाले. "अण्णानं मागनं हे झाड लावलं. दोन उन्हाळं पानी घातलं त्यानं. यंत्र आलं तवा म्हातारा हितं बसून हुता, ह्याला हात लावू दिला न्हाई."

हे आईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी तिथं उभी राहून रडले, अण्णांसाठी त्या दिवसातलं पहिलं खरं रडू मला तिथं आलं. आई रडली नाही. ती झाडाच्या बुडाशी बसली आणि बुंध्यावरून हात फिरवत राहिली.

तिकडून भावाने हाक मारली, अग्नी द्यायची वेळ झाली होती. आईने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि मधेच थांबली. रुळांकडे बघायला लागली. आता मालधक्का नव्हता, बाभळी नव्हत्या. समोर, जरा वर, फलाट होता. कडुलिंब, नळाचा कट्टा, फलाटाची दगडी कड, सगळं इथून सरळ दिसत होतं.

"त्यो फलाट हाय व्हय?" तिने विचारलं.

"व्हय," तात्या म्हणाले.

"आपलाच?"

"आपलाच, वैनी."

ती बघत राहिली. "मला वाटायचं, लई लांब नेला," ती म्हणाली.

भावाने पुन्हा हाक मारली. मी आईला उठवायला हात पुढे केला, तिने तो धरला, पण उठली नाही.

"मी तिथनं हाक मारली असती," ती म्हणाली, "तर त्याला ऐकू गेली असती."